ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम: खोडावरचं पांढुरकं मॉस खात्रीने कसं ओळखायचं

नारळाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पामच्या खोडावर पांढुरक्या हिरव्या रंगाचे छोटे छोटे गुच्छ दिसले की बरेच जण ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम असं नाव लिहून मोकळे होतात. पुष्कळदा ते बरोबर पण निघतं, कारण हे मॉस उष्ण कटिबंधात अमेरिका, आफ्रिका, आशिया, पॅसिफिकची बेटं असं सगळीकडे सापडतं आणि अगदी कॉमन आहे. पण ल्युकोब्रियम, ल्युकोफेनिस, कॅलिम्पेरिस या दुसऱ्या मॉसच्या, इतकंच काय लायकेनच्या (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव, मॉस नव्हे) फोटोखाली सुद्धा हेच नाव टाकलेलं दिसतं. बहुतेक वेळा गडबड क्रमात होते. आधी नाव मनात पक्कं होतं आणि मग त्याला जुळेल तेवढंच बघितलं जातं.

म्हणून खाली दिलाय त्याच क्रमाने जा. एखादी पायरी थोडी पुढेमागे झाली तर चालून जाईल, पण दोन गोष्टी अजिबात टाळायच्या नाहीत: मॉसला हात लावायच्या आधी जागेची नोंद, आणि पानाचा आडवा छेद. पहिली राहिली तर ती माहिती नंतर कुठूनच मिळत नाही, दुसरी राहिली तर नाव हा फक्त अंदाज राहतो.

बाहेर पडायच्या आधीची तयारी

सामान फार लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग पाहिजेच, २० पटीचं पण असेल तर उत्तम. गळ्यात दोरीने अडकवलेलं असू दे, खिशातलं भिंग आळसाने बाहेर निघत नाही हे खरं आहे. पाण्याची छोटी स्प्रे बाटली, बोथट टोकाची छोटी सुरी, पेन्सिल, वही, मिमीच्या खुणा असलेली पट्टी, आणि कागदाची पाकिटं. पाकिटं घरीच साध्या कागदाच्या घड्या घालून करून ठेवा, दहापंधरा एकदम करा म्हणजे ऐनवेळी प्लास्टिकच्या पिशवीत भरायची वेळ येत नाही.

घरी किंवा लॅबमध्ये लागतं ते असं: १०० आणि ४०० पटीवर बघता येईल असा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप, स्लाइड, कव्हरस्लिप, टोकदार चिमटे दोन, ड्रॉपर आणि नवीन दाढीची ब्लेडं. ब्लेड नवीनच घ्या. जुन्या ब्लेडने पान कापलं जात नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेल्या छेदावरून काहीच ठरवता येत नाही.

सावध: राखीव जंगल, अभयारण्य, बोटॅनिकल गार्डन, खाजगी बाग, यातल्या कुठेही परवानगीशिवाय नमुना काढायचा नाही. मॉस एवढंसं असतं म्हणून त्याला नियम लागू नाहीत असं नसतं. परवानगी नसेल तर नोंदी आणि फोटोंवर थांबा आणि नाव "ऑक्टोब्लेफॅरम असावं" एवढंच लिहा.

१. मॉसच आहे ना, ते आधी ठरवा

ही पायरी लोकांना बाळबोध वाटते म्हणून उडी मारून पुढे जातात. भिंग डोळ्याला अगदी चिकटवा आणि मग स्वतःचं तोंड खोडाजवळ न्या, भिंग लांब धरून झाडाकडे वाकून बघितलं तर काही स्पष्ट दिसत नाही. आता बघा: मधे मॉसचं स्वतःचं बारीक खोड आणि त्याच्या चारी बाजूंनी निघालेली पानं दिसतायत का?

पानंच नसतील, नुसती पांढुरकी हिरवट भुकटी किंवा खवले असतील, तर ते लायकेन आहे. नारिंगी मखमल असेल तर ट्रेन्टेपोलिया नावाचं शैवाल, त्याचा इथे संबंध नाही, पण त्याच खोडावर शेजारीच असतं म्हणून सांगितलं. पानं आहेत पण सगळं सालीला चपटं चिकटलेलं आहे, पानं दोन ओळींत एकमेकांवर चढलेली आहेत आणि उलटं करून बघितल्यावर खालच्या बाजूला बारीक पिशव्यांसारखे पदर दिसतात, तर ते पानांचं लिव्हरवर्ट (मॉसच्या जवळची दुसरी छोटी वनस्पती), फ्रुलानिया किंवा लेज्युनियाच्या गटातलं. उष्ण भागात सालीवर ही ढिगाने असतात.

कॅप्सूल (दांडीच्या टोकावरची बीजाणूंची डबी) असेल तर काम आणखी सोपं. मॉसची दांडी चिवट असते आणि कॅप्सूल झाकण उडल्यावर पण बराच काळ टिकते. लिव्हरवर्टची दांडी पांढरी, पाण्यासारखी नाजूक, थोड्याच वेळात सुकून आडवी होणारी, आणि तिची कॅप्सूल सहसा चार भागांत फुटते.

तपासून घ्या: मॉसला खोड आहे, पानं चारी बाजूंनी आहेत, पानं सालीला चिकटून सपाट झालेली नाहीत. तिन्ही हो असेल तरच पुढे.

२. हात लावायच्या आधी जागा लिहून घ्या

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. "झाडावर" एवढा एकच शब्द लिहिलेली पाकिटं किती दिसतात. झाडावर म्हणजे कुठल्या झाडावर, जिवंत की वाळलेल्या, बुंध्याशी की डोक्याइतक्या उंचीवर, उन्हात की सावलीत? लहान मॉससाठी दोन फुटांचं अंतर म्हणजे वेगळं हवामान असू शकतं, त्यामुळे हे सगळं लागतं.

खालचे प्रश्न वहीत आधीच लिहून न्या आणि जागेवर उभं राहूनच भरा, घरी येऊन आठवणीने भरू नका:

कशावर उगवलंय. पाम आहे का रुंद पानांचं झाड. ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम पामच्या खोडावर खूप मिळतं, विशेषतः गळून गेलेल्या झावळ्यांचे खुंट जिथे राहिलेले असतात त्या बेचक्यांत, कारण तिथे कचरा आणि ओल दोन्ही साठून राहतात. पण ते रुंद पानांच्या झाडांच्या खडबडीत सालीवर आणि कुजत्या लाकडावर सुद्धा येतं. जमिनीवर किंवा दगडावर मिळालं तर दुसऱ्या शक्यता आधी तपासा, एकदम नाही म्हणू नका.

जमिनीपासून किती उंच. अंदाजे नको, पट्टी नाहीतर हाताने मोजून.

सालीचा पोत. गुळगुळीत, भेगाळ, भुसभुशीत, सोलणारी.

ऊन. हे मॉस उजेड बऱ्यापैकी सहन करतं. बागा, रस्त्याकडेची झाडं, जंगलाची कड, खारफुटी, अशा मोकळ्या आणि माणसाने ढवळलेल्या जागांमध्ये पण ते मजेत वाढतं, त्यामुळे "दाट जंगल नाही म्हणजे हे नसणार" हा तर्क चालत नाही. नुसतं "सावली" लिहिण्यापेक्षा "सकाळी ऊन, दुपारनंतर सावली" असं लिहा.

पाणी कुठून येतं. पाऊस पडला की खोडावरून पाणी ठराविक वाटांनी उतरतं, त्या वाटा सालीवर गडद पट्ट्यांसारख्या दिसतात. मॉस त्या पट्टीत आहे का बाजूला? खोड कललेलं असेल तर वरच्या अंगाला आहे का खालच्या? कललेल्या खोडाचं वरचं अंग पावसात जास्त भिजतं आणि पुष्कळदा मॉस तिकडेच दाट असतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला पाहिजे. मॉस झाडाच्या उत्तर बाजूला वाढतं हा नियम म्हणून सगळीकडे सांगितला जातो. तो विषुववृत्तापासून खूप उत्तरेला असलेल्या थंड देशांच्या उन्हावरून आलाय. उष्ण कटिबंधात सूर्य वर्षभर डोक्याच्या आसपास असतो, कधी थोडा उत्तरेला कधी दक्षिणेला, त्यामुळे दिशेपेक्षा पाण्याची वाट, खोडाचा कल आणि शेजारच्या झाडांची सावली यांनी जास्त फरक पडतो. दिशा लिहायला हरकत नाही, होकायंत्राने बघून लिहा, पण तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

शेजारी कोण आहे. त्याच ठिगळात दुसरं हिरवं मॉस, लायकेन, लिव्हरवर्ट असेल तर लिहा. पामच्या खोडावर ऑक्टोब्लेफॅरम आणि कॅलिम्पेरिस एकमेकांत मिसळून असणं अगदी नेहमीचं आहे.

याशिवाय तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि फोनमधले कोऑर्डिनेट्स. हे मॉस मुख्यतः सखल भागातलं आहे, थंड उंच डोंगरावर मिळालंय असं वाटलं तर छेद दोनदा तपासा.

३. कोरडं बघा, मग ओलं करून बघा

आधी आहे तसा फोटो काढा. एक लांबून, झाड आणि मॉसची जागा दिसेल असा. एक जवळून, बाजूला पट्टी ठेवून. एक पूर्ण बाजूने, म्हणजे पानं खोडाला कशी लागलीयेत ते कळेल. वरून काढलेला एकच फोटो म्हणजे नुसती पांढरी चांदणी, त्यावरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

मग पाणी फवारा आणि दोनतीन मिनिटं थांबा. पुन्हा तेच फोटो.

काय बदललं ते महत्त्वाचं. ऑक्टोब्लेफॅरमचा पांढरेपणा पानातल्या मोठ्या पोकळ, मेलेल्या पेशींमुळे येतो. सुकल्यावर त्यांच्यात हवा असते म्हणून पान पांढुरकं दिसतं, पाणी शिरलं की आतला हिरवा थर जास्त दिसायला लागतो आणि रंग हिरवट होतो. आकार मात्र फारसा बदलत नाही, पानं जाड आणि ताठ असल्यामुळे कोरडेपणी सुद्धा बाहेरच्या बाजूला पसरलेलीच राहतात. पानं वाळून वळकटी झाली होती आणि पाण्याने भराभर उलगडली, असं झालं तर बहुधा तुम्ही कॅलिम्पेरिस किंवा दुसरंच काही बघताय.

सावध: रंगावरून नाव नाही. उन्हातल्या गुच्छांवर गुलाबी जांभळट छटा येते, सावलीतले बऱ्यापैकी हिरवे असतात, जुनी पानं तपकिरी पडतात. एकाच खोडावर हे सगळे रंग एकाच जातीत मिळू शकतात.

४. नमुना काढणं आणि पाकिटात घालणं

अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरतो. ठिगळ त्याहून लहान असेल तर दोनचार रोपं घ्या आणि बाकी राहू द्या. पानं ठिसूळ असतात, ओढून काढलं तर अर्धी तुटून पडतात आणि खालचा भाग सालीवरच राहतो. सुरी सालीला समांतर धरून मुळांसारख्या तपकिरी धाग्यांसकट अलगद उचला. पानाचा तळ शाबूत असणं फार गरजेचं आहे, पुढे का ते कळेल. कॅप्सूल असलेली रोपं दिसली तर ती आधी निवडा.

एका ठिगळाचं एक पाकीट. शेजारच्या झाडावरचं त्याच्यासारखंच दिसणारं मॉस त्याच पाकिटात घातलं की जागेची सगळी नोंद वाया गेली. पाकिटावर नंबर तिथेच पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीत पसरते.

घरी आल्यावर पाकिटं सावलीत, हवा खेळती असेल अशा ठिकाणी पसरून ठेवा. पुस्तकात दाबायचं नाही, दाबल्यावर पानांची ठेवण जाते. पंख्याखाली ठेवली तर उडतात, वर जाळी टाका. एकदा पूर्ण वाळलं की कित्येक वर्षांनी पाण्यात टाकलं तरी बघण्याजोगं होतं, म्हणून घाई करून ओल्यातच सगळं उरकायची गरज नसते.

सावध: प्लास्टिकच्या पिशवीत ओलं मॉस ठेवलं की बुरशी धरते, दमट हवेत तर फारच लवकर.

५. भिंगाखाली एक सुटं रोप

गुच्छातून एक रोप वेगळं करा, पाण्यात भिजवा, पांढऱ्या कागदावर ठेवा. गुच्छ बघून निर्णय घेतला की मिसळलेलं दुसरं मॉस लक्षात येत नाही.

रोप सहसा १ सेंमीच्या आतबाहेर, फांद्या नाहीत किंवा अगदी थोड्या. पानं दाटीवाटीने, साधारण ३ ते ८ मिमी लांब, जिभेसारखी, म्हणजे लांबट पट्टी आणि टोकाला पटकन आवळून बारीक अणकुची. तळाला पान थोडं रुंद आणि पातळ असतं, त्या भागाच्या दोन्ही कडा पारदर्शक दिसतात, त्याच्या वर मात्र पान जाड आणि मांसल. वरच्या भागात मधली शीर शोधत बसू नका, ती वेगळी दिसणारच नाही, कारण वरचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे रुंद पसरलेली शीरच आहे. नेहमीच्या अर्थाने ज्याला पानाचं पातं म्हणतो ते फक्त तळाच्या त्या दोन पारदर्शक कडांपुरतं उरलेलं असतं. तळ शाबूत ठेवा म्हटलं ते यासाठी.

तपासून घ्या: पान जाड आहे, वर शीर वेगळी दिसत नाही, तळ रुंद आणि कडेला पारदर्शक आहे, पानाच्या पाठीवर मधोमध उठून दिसणारी रेघ नाही. रेघ दिसली तर आठव्या पायरीतलं ल्युकोफेनिस आधी वाचा.

६. पानाचा आडवा छेद, खरा निकाल इथेच

हे अवघड आहे असं ऐकून लोक घाबरतात आणि सोडून देतात. पहिले काही छेद जाड येतात, मग हात बसतो. फक्त पद्धत नीट पाळा.

रोप कोमट पाण्यात पाचदहा मिनिटं भिजवा. चांगलं वाढलेलं एक पान चिमट्याने तळापासून काढा, कोवळी टोकाची आणि जुनी तपकिरी दोन्ही नकोत. स्लाइडवर पाण्याचा छोटा थेंब, त्यात पान सपाट. जास्त पाणी झालं तर पान पोहत राहतं, कागदाच्या कडेने थोडं टिपून घ्या. आता दुसरी स्लाइड पानावर आडवी ठेवा, तिची कड पानाच्या मध्यभागी येईल अशी, आणि डाव्या हाताच्या बोटाने दाबून धरा. ब्लेड त्या कडेला टेकवून सरळ खाली दाबा. मग वरची स्लाइड केसभर मागे सरकवा, पुन्हा कापा. असं वीसपंचवीस वेळा भराभर. प्रत्येक काप परफेक्ट यायची गरज नाही, एवढ्यातले दोनतीन पातळ निघाले की झालं.

सगळे काप पाण्याच्या नवीन थेंबात घ्या, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडा. १०० पटीवर सगळीकडे फिरून पातळ आणि उभे राहिलेले काप शोधा, मग ४०० वर जा.

अडचण येते ती हवेच्या बुडबुड्यांची. पोकळ पेशींत हवा अडकली की त्या जागी काळे डाग दिसतात आणि पेशींच्या भिंती कळत नाहीत. थेंबात भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा अगदी किंचित अंश घाला, किंवा स्लाइड मंद आचेवरून क्षणभर फिरवा, उकळी फुटू द्यायची नाही. बुडबुडे निघून जातात.

आता काय दिसायला पाहिजे: छेदाच्या मधून आडवी, हिरव्या बारीक पेशींची एकच ओळ. तिच्या वर आणि खाली मोठ्या रिकाम्या पारदर्शक पेशी, तळाकडच्या भागात त्यांचे एकावर एक बरेच थर. आणि त्या हिरव्या पेशी तीन कोपऱ्यांच्या. मोठ्या पेशी जिथे एकमेकींना भेटतात त्या सांध्यात हिरवा त्रिकोण बसलेला दिसतो. हीच ऑक्टोब्लेफॅरमची खूण. ल्युकोब्रियम आणि ल्युकोफेनिसमध्ये या पेशी चार कोपऱ्यांच्या असतात.

सावध: तिरका काप गेला की त्रिकोण पण ताणून चौकोन दिसतो. एका कापावरून ठरवू नका, पानाच्या मधले किमान तीन चांगले काप बघा आणि वेगळ्या रोपाचं अजून एक पान कापा. तळाच्या आणि अगदी टोकाच्या कापांवर भिस्त ठेवू नका, तिथे थरांची संख्या बदलते आणि चित्र गोंधळाचं होतं.

जमेल तर मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला लावून छेदाचा फोटो घ्या. पुढे कुणी विचारलं कशावरून, तर दाखवायला हाच फोटो उपयोगी, खोडावरचा नाही.

७. कॅप्सूल असेल तर दात मोजा

या जातीत नर आणि मादी अवयव एकाच रोपावर येतात त्यामुळे कॅप्सूल बऱ्याच वेळा मिळतात, नीट शोधा. दांडी आखूड, साधारण अर्धा सेंमी, रोपाच्या टोकातून निघते. कॅप्सूल उभी, सरळ, अंडाकृती, झाकणाला चोच.

झाकण नुकतंच पडलेलं किंवा पडायच्या बेताला आलेलं असेल ती कॅप्सूल घ्या. हिरव्या कच्च्या कॅप्सूलमध्ये दात (झाकणाखाली तोंडाच्या कडेला असलेली दातांसारखी टोकं) तयार नसतात, खूप जुन्या रिकाम्या कॅप्सूलचे दात तुटून गेलेले असतात, आणि मग लोक "दात नाहीत" असं लिहितात. कोरड्या कॅप्सूलचं तोंड वरून २० पटीच्या भिंगाने बघा. नीट कळलं नाही तर कॅप्सूल भिजवून ब्लेडने उभी चिरा, दोन्ही अर्धे स्लाइडवर पसरा आणि दोन्हीकडचे दात मिळवून मोजा.

अल्बिडममध्ये ८ दात. बहुतेक मॉसमध्ये १६ असतात त्यामुळे ८ हा आकडा खूप काही सांगून जातो. मात्र या जीनसच्या (जवळच्या जातींचा गट, इथे ऑक्टोब्लेफॅरम) काही जातींत १६ दात असतात, आणि जास्त जाती अमेरिका खंडातच आहेत. तिथलं मटेरियल असेल तर त्रिकोणी पेशी मिळाल्या म्हणून लगेच अल्बिडम लिहू नका, दात आणि पानाच्या छेदाचा आकार त्या भागाच्या फ्लोराशी (तिथल्या वनस्पतींची वर्णनं असलेलं पुस्तक) ताडून बघा.

कॅप्सूल नाहीच मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, छेद चांगला असेल तर जीनस पक्का झालेला आहे.

८. ज्यांच्याशी गल्लत होते ती

*ल्युकोब्रियम.* सर्वात जास्त गोंधळ याच्याशी. हे पण पांढुरकं, हे पण जाड पानांचं. पण गादीसारखे मोठे फुगीर ढीग करतं, जमिनीवर, कुजक्या लाकडावर, झाडाच्या बुंध्याशी. पान भाल्यासारखं निमुळतं होत जातं आणि टोकाकडे नळीसारखं आत वळतं, ऑक्टोब्लेफॅरमसारखी सपाट जीभ नसते. कॅप्सूल वाकडी, लांब दांडीवर, दात १६. छेदात हिरव्या पेशी चार कोपऱ्यांच्या.

*ल्युकोफेनिस.* पानं पातळ, अरुंद, चंदेरी चमक असलेली. पाठीवर मधोमध एक बारीक रेघ तळापासून टोकाकडे जाते, ती जाड भिंतींच्या पेशींची दोरी असते आणि छेदात मधोमध तिचा पुंजका स्पष्ट दिसतो. ऑक्टोब्लेफॅरममध्ये हा पुंजका नसतो. एवढी एक गोष्ट बघितली तरी गोंधळ मिटतो.

*आर्थ्रोकॉर्मस आणि एक्झोस्ट्रेटम.* आग्नेय आशिया आणि त्याच्या आसपासच्या भागातले लोक यात फसतात, पानं पण अशीच ठिसूळ असतात. छेदात हिरव्या पेशींचे तीन थर. एकच ओळ आहे का तीन, हे मोजलं की झालं.

*कॅलिम्पेरिस.* मुळात हिरवं, पांढरं फक्त तळाकडे, तिथे मोठ्या रिकाम्या पेशींच्या जाळीच्या दोन खिडक्या असतात. शीर बारीक आणि स्पष्ट. पुष्कळदा पानाच्या टोकावर बारीक कणांचा झुपका दिसतो, तो नवीन रोपं तयार करणाऱ्या कणांचा. लांबून काढलेल्या फोटोत सुकलेलं कॅलिम्पेरिस फिकट दिसतं, गल्लत तिथूनच होते.

*ब्रायम अर्जेंटियम.* चंदेरी म्हणून यादीत आलं, एरवी काहीच साम्य नाही. भिंती, फरसबंदी, सिमेंट यांच्यावर वाढतं, पानं खोडाला घट्ट लपेटलेली आणि फांदी बारीक गोल दोऱ्यासारखी.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑक्टोब्लेफॅरम पूर्वी ल्युकोब्रिएसी कुळात घालायचे, कारण छेद वरवर सारखा दिसतो. नंतर ते कॅलिम्पेरेसीमध्ये गेलं आणि आता बरेच जण त्याला स्वतःचं ऑक्टोब्लेफरेसी कुळ देतात. त्यामुळे पुस्तकातली ओळखायची 'की' (लक्षणं एकेक विचारत नावापर्यंत नेणारी यादी) एका कुळात चालवून सापडलं नाही तर नमुना चुकलाय असं समजू नका, बाकीच्या दोन ठिकाणी पण शोधा.

९. नाव कुठपर्यंत लिहायचं

सगळ्या नोंदी समोर ठेवा आणि जेवढं बघितलंय तेवढंच नाव लिहा. मी वापरते ती विभागणी अशी आहे आणि ती मला योग्य वाटते.

फक्त फोटो आहेत, छेद नाही: "पांढुरकं मॉस, ऑक्टोब्लेफॅरम असावं". यापुढे जायचं नाही, पाम असला तरी नाही.

छेद आहे, हिरव्या पेशी एका ओळीत आणि त्रिकोणी: ऑक्टोब्लेफॅरम, पक्कं. आशिया किंवा आफ्रिकेतलं असेल, पान जिभेसारखं असेल, तर अल्बिडम लिहायला हरकत नाही पण त्या भागातल्या दुसऱ्या जातींची नावं एकदा यादीत बघून घ्या.

छेद आणि ८ दात दोन्ही, आणि पानाचं वर्णन जुळतंय: ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम.

एखादं लक्षण जुळत नसेल तर ते लपवू नका, नोंदीत तसंच लिहा: "पान निमुळतं, दात मिळाले नाहीत". पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करतो. फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स या आकाराच्या मॉससाठी वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ज्या लक्षणावर नाव ठरतं ते पानाच्या आत आहे आणि कॅमेऱ्याला ते दिसतच नाही.

पाकिटावर शेवटी हे असलं पाहिजे: नाव, कशावरून ठरवलं (छेद, दात, की फक्त बाहेरून), झाड, जमिनीपासूनची उंची, ऊन आणि पाणी, ठिकाण, कोऑर्डिनेट्स, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर. छेद बघितलेलं पान आणि कॅप्सूलचे तुकडे टाकून देऊ नका, छोट्या घडीच्या कागदात घालून त्याच पाकिटात ठेवा. नाव नंतर बदललं तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवीन चिठ्ठी तारीख घालून तिच्या शेजारी लावायची.